पॅनल घ्यायच्या आधी एवढं वाचा: शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि ग्रामपंचायतींना खुलं पत्र

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सदस्य, आणि गावोगावचे सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी. हे पत्र मंत्र्यांना किंवा शिक्षण विभागाला न लिहिता तुम्हाला लिहितेय कारण शाळेला कुठली वस्तू घ्यायची हे आता बऱ्याच ठिकाणी तुमच्याच बैठकीत ठरतं, वर्गणी तुम्ही गोळा करता, आणि ती वस्तू चालली का पडून राहिली हे रोज येता-जाता बघणारेही तुम्हीच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. लोक शाळेसाठी पैसे काढायला तयार आहेत. गावातला कोणी पुण्यात कंपनीत लागला, कोणी सैन्यातून रिटायर होऊन आला, कोणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं, की मंडळी म्हणतात शाळेला काहीतरी देऊ. आणि ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा भिंतीवरचा मोठा टच पॅनल असतो, नाहीतर स्मार्ट टीव्ही. नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो ग्रुपवर जातात, दुसऱ्या दिवसापासून शाळा डिजिटल झाली असं सगळे धरून चालतात. पुढं वर्षभरात काय होतं तेही तुम्ही पाहिलंय. लाईट बिल थकतं, मीटर काढून नेतात, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, उंदीर वायर कुरतडतात, दिवाळीच्या सुट्टीत चोरी होईल म्हणून टीव्ही उतरवून हेडमास्तरांच्या खोलीत ठेवतात आणि तो परत भिंतीवर चढत नाही. यात मी कोणा एकाला दोष देत नाही. वस्तू घेताना तिच्या रोजच्या खर्चाचा आणि रोजच्या कामाचा विचार बैठकीत होत नाही, एवढंच मला म्हणायचंय, आणि तो व्हावा म्हणून हे लिहितेय.

पैशाचंच घ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान म्हणून शाळेला जे मिळतं ते पटावर असतं. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये, तीसच्या वर आणि शंभरपर्यंत असेल तर २५,०००. एवढ्यात खडू, रजिस्टरं, झाडू-फिनेल, संडासाची सफाई, नळाची दुरुस्ती, आणि त्यातलेच निदान दहा टक्के स्वच्छतेवर, असं सगळं बसवायचं असतं आणि लाईट बिलही त्यातलंच. आता अठ्ठावीस पोरांच्या शाळेत पाऊण-एक लाखाचा पॅनल लावला तर तो चालवायचं बिल कुठल्या पैशातून भरायचं? शिक्षक स्वतःच्या खिशातून भरतात, खूप ठिकाणी भरतात, पण बदली झाली की तेही संपतं. त्यामुळे माझी पहिली मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीने शाळेचं लाईट बिल ठराव करून कायमचं स्वतःकडे घ्यावं. आणि कोणी देणगीदार आलाच तर त्याला छपरावर सोलर बसवायला सांगा, ते फोटोत नीट दिसत नाही हे खरं आहे पण पुढची कितीतरी वर्षं शाळा त्यावर चालेल.

आता म्हणाल की सगळीकडे तर डिजिटल होतंय, आपणच मागं राहायचं का. आकडे बघा. केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शाळांच्या नोंदणीतल्या २०२४-२५ च्या माहितीत देशातल्या ६४.७ टक्के शाळांत कॉम्प्युटरची सोय आहे आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट. त्याच्या आदल्या वर्षी हेच ५७.२ आणि ५३.९ होतं. म्हणजे वस्तू येतायत, झपाट्याने येतायत. पण पोरगं त्या कॉम्प्युटरला आठवड्यातून किती वेळ हात लावतं हे या आकड्यात कुठंच येत नाही. पेरू देशात सरकारने दहा लाखांहून जास्त लॅपटॉप पोरांना वाटले, एवढे वाटले, आणि शिकवण्यात त्यांची जोडणी केली नाही म्हणून शिकणं काही सुधारलं नाही. हे युनेस्कोने २०२३ च्या शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या जागतिक अहवालात स्पष्ट लिहिलंय. आपल्या गावातल्या कपाटात पडलेल्या टॅबची गोष्ट आणि पेरूची गोष्ट एकच आहे.

याउलट आपल्याच राज्यातलं एक काम बघा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून टाकली. त्यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापले. कोड स्कॅन केला की त्या धड्याची कविता ऐकू येणार, व्हिडिओ दिसणार, आणि तो घरातल्या साध्या स्मार्टफोनवर. तिथल्या पोरांची घरची भाषा कन्नड, तर गुरुजी स्वतः ती शिकले आणि पोरांसाठी मजकूर त्यांच्या भाषेत केला. म्हणजे सुरुवात वर्गातल्या पोराच्या अडचणीपासून झाली, वस्तू नंतर आली. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच कोड आले, २०१७ मध्ये दीक्षा हे अभ्यासाचं सरकारी ॲप आलं, आणि आज तुमच्या पोराच्या दप्तरातलं बालभारतीचं पुस्तक उघडलं तर पानावर तो काळा चौकोन आहेच.

पण किती पालकांना माहितीय तो कशासाठी आहे? आमच्याकडे पालक मेळाव्यात मी पुस्तक वर धरून विचारलं तेव्हा एका आजोबांनी सांगितलं की ते पुस्तकाच्या किमतीचं असेल, दुकानात बिस्किटच्या पुड्यावर असतं तसं. त्यांचं काय चुकलं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिथंच त्यांच्या नातवाने त्यांच्याच फोनवर दीक्षा उघडून कोड धरला आणि दुसरीची कविता वाजायला लागली तेव्हा मेळाव्यातल्या सगळ्या आया पुढं सरकल्या, आणि मग तासभर दुसरं काही झालंच नाही, प्रत्येकीला आपल्या फोनमध्ये ते करून हवं होतं. याला शाळेचा एक रुपया लागला नाही.

फोन घरात आहेत हे तर आता सांगायलाच नको. असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, ८२.२ टक्क्यांना तो वापरता येतो. पण वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला म्हणणारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन आहे, अभ्यासाचं साहित्यही फुकट आहे, मधला दुवा नाही. कुठल्या दिवशी काय उघडायचं, कशासाठी उघडायचं, झाल्यावर वहीत काय करायचं हे पोराच्या ओळखीच्या माणसाने, म्हणजे त्याच्या बाईंनी किंवा सरांनी सांगावं लागतं. नाहीतर फोन हातात आल्यावर पोरगं रील्सकडेच जाणार, मोठी माणसं तरी दुसरं काय करतात.

म्हणून मी म्हणते की शाळेला पॅनलच्या आधी स्वतःचं एक पान असू द्या. वेबसाईट म्हणा. आता वेबसाईट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं तर वर शाळेचा फोटो, खाली संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग सत्कार, मग २६ जानेवारी, आणि शेवटचं अपडेट तीन वर्षांपूर्वीचं. तसलं मला नकोय. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या कितीतरी झेडपी शिक्षकांनी स्वतःचे ब्लॉग काढले होते, फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर, त्यात स्वाध्याय असायचे, कविता चालीवर म्हटलेल्या असायच्या, चाचण्या, उपक्रम, सगळं. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा त्या ब्लॉगवरूनच निम्मं शिकले. मग व्हॉट्सॲप आलं आणि ते ब्लॉग एकेक करून थांबले. व्हॉट्सॲप सोपं आहे पण त्यात टाकलेलं राहत नाही. सकाळी अभ्यास टाकावा तर दुपारपर्यंत त्याच्यावर चाळीस शुभेच्छा येतात, बाप फोन घेऊन रानात गेलेला असतो, रात्री येतो तोवर पोरगं झोपलेलं असतं, आणि आठ दिवसांनी फोन भरला म्हणून सगळंच डिलीट. पानावर ठेवलेलं तिथंच राहतं, कधीही उघडा.

आमच्या शाळेचं पान अगदी साधं आहे, फुकटच्या सोयीवर केलेलं. इयत्तेप्रमाणे चार भाग. या आठवड्यात काय शिकलो ते दोन ओळीत, एखादी कविता पोरांच्याच आवाजात, एका पानाचा स्वाध्याय ज्याचा फोटो काढून वहीत उतरवता येईल, आणि वाचायला काहीतरी. वाचायला तर इतकं फुकट पडलंय की बघून जीव हळहळतो. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने ऑनलाईन ठेवलेत, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी जे अंक वाचलेत तेच तुमच्या पोराला दाखवता येतील. स्टोरीवीव्हरवर चित्रांच्या मराठी गोष्टी आहेत, मराठी विश्वकोश आहे, मराठी विकिपीडिया आहे. पण शंभर लिंका दिल्या तर कोणी एकही उघडत नाही. त्यातली या आठवड्याची एकच गोष्ट निवडून देणं हे शिक्षकाचं काम, आणि त्या निवडण्यालाच वेळ लागतो.

आमच्या भागात या पानाची खरी गरज कळते ती दिवाळीनंतर. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यावर जातात, ज्या पोरांना सांभाळायला घरी आजी-आजोबा आहेत ती हंगामी वसतिगृहात किंवा घरी राहतात, बाकीची आईबापाबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, असतात. परत येतात तेव्हा हातची अक्षरं गेलेली असतात. आता जाताना आम्ही प्रत्येकाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून पानाचा क्यूआर कोड चिकटवून देतो. सगळी उघडत नाहीत, खोटं कशाला सांगू, कोपीवर रेंज नसते, चार्जिंगला लाईट नसते, बाप दमून आलेला असतो. पण काही उघडतात.

तिसरीतली एक मुलगी होती, वाचताना जोडाक्षर आलं की थांबायची, ‘प्रयत्न’ आणि ‘स्वच्छ’ ला हमखास अडायची आणि मग पुढचं वाक्यच सोडून द्यायची. किशोरमधली छोटी गोष्ट तिला वाचायला दिली आणि माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकवलं तर म्हणाली, बाई हे मी नाही. परत वाचते म्हणाली. परत केलं, परत ऐकलं, जिथं अडखळली तिथं स्वतःच बोट ठेवलं, असं खिचडीची सुट्टी होईपर्यंत चाललं. मी काही शिकवलं नाही, ती स्वतःचं ऐकून स्वतःला सुधारत होती, आणि हे खडू-फळ्याने मला कधी जमलं नसतं. तिचे आईवडील तेव्हा कारखान्यावर होते, ती आजीपाशी राहिलेली. तिच्या आवाजातली ती गोष्ट आम्ही पानावर ठेवली, नाव न घालता, आणि तिच्या आईला लिंक पाठवली. आईचा रात्री फोन आला, रडत होती, म्हणाली टोळीतल्या सगळ्यांना ऐकवलं. त्यानंतर त्या टोळीवरच्या दोन पोरांचेही वाचनाचे आवाज मला यायला लागले, कोणी मागितले नव्हते तरी.

हे सगळं एका फोनवर झालं. मोठा पडदा अजिबात नको असं मी म्हणत नाही. चौथीला दिवस-रात्र कसे होतात, समुद्राच्या तळाशी काय असतं, हृदय कसं धडधडतं, हे पडद्यावर जसं कळतं तसं फळ्यावर नाही कळत. पण आमच्या पोरांना पडद्यावर नांगरणी आणि ज्वारीची काढणी कशाला दाखवायची, ती माझ्यापेक्षा जास्त जाणतात, आणि अपूर्णांक तर भाकरीचे तुकडे करूनच समजतात. जे बघायला गावात मिळत नाही तेवढंच पडद्यावर, हा आमचा नियम. आणि लावून देऊन शिक्षकाने बाजूला बसायचं नाही, मध्येच थांबवायचं, पुढं काय होईल विचारायचं, मग परत चालू. तास-तास व्हिडिओ चालू असणारा वर्ग शांत दिसतो, भेटीला आलेल्या माणसाला तो आवडतोही, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोरांना त्यातलं दोन वाक्यंही सांगता येत नाहीत.

कोरोनात आपण हे सगळं बघितलंय. शाळा बंद होत्या तेव्हा शहरातल्या पोरांचे ऑनलाईन तास चालू झाले आणि आपल्याकडे घरात एक फोन, तोही रिचार्ज संपलेला. तेव्हा जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका सुरू झाली, पहिली ते आठवीच्या पुस्तकांवरची, आणि ज्या घरात टीव्ही होता तिथं शेजारची पोरं गोळा होऊन बघायची. महागड्या ॲपपेक्षा आमच्याकडे त्याचा उपयोग जास्त झाला, कारण ते लोकांकडे आधीच असलेल्या वस्तूवर चालत होतं. घेताना हाच प्रश्न विचारा, हे पोराच्या घरी असलेल्या वस्तूवर चालेल का.

आता वेळेचं. शिक्षक हे सगळं कधी करणार? आमच्याकडे दोघांत चार वर्ग, त्यात रोज कुठलं ना कुठलं पोर्टल, हजेरी भरा, आहाराचा आकडा भरा, आधार जुळवा, फोटो अपलोड करा, लिंक उघडत नसेल तर रात्री बारानंतर बसा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या बिगर-शैक्षणिक कामाला लावू नये असं आहे, पण माहिती भरणं त्यात कोणी मोजतच नाही. हे तुम्ही एका बैठकीत थांबवू शकणार नाही, मला कळतं. पण गावात बारावी झालेल्या, पदवी झालेल्या मुली आहेत, लग्न होऊन आलेल्या सुना आहेत, ज्यांना टायपिंग येतं आणि ज्यांना घरी बसून कंटाळा आलाय. आठवड्यातून दोन तास त्यांना शाळेत बसवा, रितसर ठराव करून, थोडं मानधन देऊन. पानावर चढवायचं काम त्या करतील, काय चढवायचं ते शिक्षक ठरवतील.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायचीय, ती पोरांच्या माहितीची. शाळेच्या ग्रुपवर सगळ्या वर्गाची आधार नंबर, जन्मतारीख, मोबाईल नंबर असलेली एक्सेल फाईल फिरताना मी स्वतः पाहिलीय, कोणीतरी चुकून टाकली आणि दोनशे लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसली. पोरींचे फोटो पूर्ण नाव, गाव, इयत्ता घालून फेसबुकवर टाकले जातात, कौतुकानेच टाकतात, पण ते कोण उचलेल आणि कुठं वापरेल सांगता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती घ्यायला सांगितलीय. तुम्ही कायदा वाचा न वाचा, पण पालकांना विचारल्याशिवाय पोराचा चेहरा आणि नाव एकत्र बाहेर जाणार नाही एवढा ठराव तुमच्या समितीने केलाच पाहिजे. कोणी कंपनीवाला फुकट ॲप देतो म्हणून आला आणि पोरांची यादी मागितली तर आधी विचारा यादी कशाला हवीय, कुठं ठेवणार, आणि लेखी घ्या. पाहुणे नाराज होतील म्हणून गप्प बसू नका.

तुमच्याकडे अधिकार आहेत हे बऱ्याच सदस्यांना माहितीच नसतं म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे कलम २२ प्रमाणे तुमचं काम आहे. तो आराखडा बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक एकटे बसून लिहितात आणि तुम्ही सह्या करता. यंदा तसं करू नका. येत्या मासिक बैठकीला हाच विषय घ्या, आणि आयांना बोलू द्या, सह्यांपुरतं बसवू नका. घरी फोन कोणाकडे असतो, किती वाजता रिकामा असतो, रिचार्ज महिन्याला किती परवडतो, पोरगं तो घेऊन काय बघतं हे सगळं त्यांनाच माहिती असतं. त्यांच्या उत्तरावरून ठरवा. शाळेतली कपाटं उघडून आधी आलेलं सामान मोजा, त्यातलं काय थोड्या खर्चात दुरुस्त होतंय बघा, लाईट बिलाचा ठराव करा, पानाचं काम कोण करणार त्याचं नाव वहीत लिहा. एवढं झाल्यावर पैसे उरले आणि शिक्षक म्हणाले की मोठा पडदा हवाय, अमुक अमुक शिकवायला हवाय, तर खुशाल घ्या, मीच येऊन नारळ फोडीन.

आणि ज्या गावाला असं पान करायचंय पण कसं करायचं कळत नाही त्यांनी आपल्या शिक्षकांना पुढं करा. रविवारी किंवा सुट्टीत यायला मी तयार आहे, आमच्या केंद्रातले अजून दोन-तीन शिक्षकही येतील, लॅपटॉप आमचा आम्ही आणू. तुम्ही फक्त त्या दिवशी वर्गात लाईट चालू असेल एवढं बघा.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शिक्षिका